मातोश्री बायजाबाईंच्या गुडघ्याची बखर

सकळ सोसायटीचे कल्याण असो, पाण्याचा टँकर वेळेवर येवो, आणि ज्याने त्याने आपली गाडी आपल्या जागी लावो. विशेष ऐसे जे, नागपूरच्या दक्षिणेस बेसा प्रांती, दुसऱ्या मजल्यावर गेल्या दिवाळीत जी थोर मोहीम जाहली, तिजविषयी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप दरबारी नाना प्रकारचे मजकूर उठले. कोणी लिहिले की राजश्री कृष्णकांतरावांचा पगार गुन्ह्याकारणे अटकला, कोणी लिहिले की त्यांचे घरी सुनेने फराळ करणे वर्ज्य केले, आणि एकाने तर काहीच न वाचता हात जोडल्याचे चित्र टाकून दिले. सबब खरे काय ते पुढील पिढ्यांस कळावे म्हणोन आम्ही, जे या प्रकरणाचे आदिअंत जाणतो आणि ज्यांस आजवर कोणी काही पुसले नाही, ते ही हकीकत साद्यंत लिहून ठेवितो. वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावे.

प्रथम किल्ल्याचे वर्णन. किल्ला तीन मजली, रंग बदामी, नाव इंग्रजी. बिल्डरने विकतेसमयी कौल दिला होता की लिफ्ट लवकरच चालू होईल, आणि लिफ्टची खोली बांधली, दरवाजा बसविला, बटणेही लाविली, मग बिल्डर दुसऱ्या प्रांती मोहिमेस गेला तो आजपावेतो परतला नाही. त्या खोलीत हल्ली तळमजल्यावरील देशपांड्यांची सायकल आणि झाडू असतात. ऐशा किल्ल्याच्या दुसऱ्या मजल्यावर कृष्णकांतराव, त्यांचे कुटुंब गोपिकाबाई आणि मातोश्री बायजाबाई राहात. कृष्णकांतराव एका सरकारी दफ्तरी वरिष्ठ लिपिक, कद मध्यम, आवाज बुलंद, मसलतीस पुढे, कागदास मागे.

मातोश्री मूळच्या कन्हान नदीकाठच्या खाप्याच्या. तेथे दोन खोल्यांचे स्वतःचे घर, पुढे ओटा, ओट्यावर संध्याकाळी चार बाया. त्याच्या आदल्या साली उजव्या गुडघ्याने बंड केले, तेव्हा चिरंजीवांनी आठ दिवस आरामास म्हणोन त्यांस बेशास आणिले, दोघांनी धरून कसेबसे दोन जिने चढविले, आणि मग काय जाहले, तर चढलेली माणसे उतरतात हा नियम मातोश्रींस लागू पडेना. पायरीवर पाय ठेविला की गुडघा कळ मारी. आठ दिवसांचे वर्ष उलटले. डॉक्टरकडे नेणे तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलावे लागे, आणि मातोश्रींस त्याची बहुत लाज वाटे. खाप्याच्या घराची किल्ली त्या कमरेच्या पिशवीत ठेवीत. गोपिकाबाईंनी एकदा सुचविले की ती खिळ्यास अडकवून ठेवावी, हरवेल, त्यावर मातोश्री पिशवीची नाडी आवळून बसल्या. बखरकारास हे ध्यानी आले होते. घरात कोणाच्या आले नाही.

डॉक्टरांनी गुडघा बदलणे हाच इलाज सांगितला. मातोश्रींनी वर्षभर नकार दिला. चिरंजीवांनी समजाविले, सुनेने समजाविले, सावनेरहून भाचा येऊन आपला बदललेला गुडघा दाखवून गेला, तरी नकार कायम. मग नवरात्रात एके दुपारी, कोणी विषय काढला नसता, मातोश्रींनी भाजी निवडता निवडता सुनेस पुसिले, ‘‘डॉक्टरले विचार वं, त्याच्यानं जिने उतरता येईन का?’’ डॉक्टरांचा जबाब आला की जरूर येईल. त्यावर मातोश्री हो म्हणाल्या, परंतु शर्त घातली की यंदा दिवाळी जाताच झाले तर झाले, पुढे ढकलले तर पुन्हा विषय काढणे नाही. कृष्णकांतरावांनी हे आपल्या वक्तृत्वाचे फळ मानिले आणि चाळीत, म्हणजे सोसायटीत, पेढे वाटिले. चढण्याविषयी मातोश्रींनी चकार शब्द काढला नव्हता, हेही कोणाच्या ध्यानी आले नाही.

धंतोलीच्या एका इस्पितळाने नोव्हेंबरच्या आरंभीची तारीख दिली. आता राहिला विमा. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाचा जो विमा दफ्तरी होता, त्यात मातोश्रींचे नाव नव्हते. कारण नोंदणी जाहली तेसमयी मातोश्रींनीच बजाविले होते की आपले नाव दवाखान्याच्या कागदावर घालू नये, घातले की दुखणे घर पुसत येते. नाव मागाहून घालण्याची मुभा होती, परंतु सरकारचा कायदा ऐसा की, नाव नोंदविले इतक्याने विमा लागत नाही. नाव नोंदवावे, मग त्या महिन्याच्या पगारबिलात हप्त्याची कपात पडावी, मग बिल कोषागारी मंजूर व्हावे, आणि मग पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून विम्याचा अंमल बसावा. म्हणजे ऑक्टोबरच्या पगारात कपात पडली तर नोव्हेंबरच्या एकेस अंमल, आणि शस्त्रक्रिया निर्धोक. कृष्णकांतराव म्हणाले की यात अवघड ते काय, आणि अर्ज भरून, मातोश्रींचा अंगठा घेऊन, डब्याच्या पिशवीत ठेविला.

इतक्यात वरून फर्मान आले की यंदा ऑक्टोबरचा पगार दिवाळीपूर्वी मिळेल, मात्र जे दफ्तर आपले बिल ठरल्या मुदतीत कोषागारी दाखल करील त्यासच. हे ऐकून कृष्णकांतरावांचे दफ्तर हवालदिल जाहले, कारण या दफ्तराचे कोणतेही बिल मुदतीत गेल्याचा दाखला जुन्या माणसांसही आठवत नव्हता. तेव्हा कृष्णकांतराव उठले. त्यांनी मंडळी जमविली, टेबलावर हात आपटिला, चिन्मयी मॅडम ज्या दफ्तरच्या मुख्य, त्यांचे हुजुरी शिष्टमंडळ नेले, आणि अर्ज दिला की बिल तातडीने निघावे, कर्मचाऱ्यांच्या लेकराबाळांची दिवाळी सुखाची व्हावी. मसुदा खुद्द त्यांचा. मॅडमनी हुकूम केला की बिल तयार होताच सही करीन, एक क्षण रोखणार नाही.

बिल तयार करणे हे काम धम्मदीप यांचे. धम्मदीप म्हणजे दफ्तरचे पगारबिलाचे कारकून, माणूस शांत, कृष्णकांतरावांचा जुना दोस्त. यांचा सण दसऱ्यास दीक्षाभूमीवर होऊन गेला होता, घरी पाहुण्यांची पंगत उठून गेली होती, दिवाळीची यांस घाई नव्हती, तरी दोस्ताखातर ते कामास बसले. कृष्णकांतरावांनी त्यांच्या टेबलाशी ठाणे मांडिले. सकाळी तर्री-पोहे आणविले, दुपारी चहा, मग पुन्हा चहा, कोणी रजेची चौकशी करण्यास आला तर दारातूनच पिटाळिला, धम्मदीपांचा फोन वाजला तर आपण उचलून सांगितले की साहेब कामात आहेत. ऐसा पहारा ठेविला की बिल मुदतीच्या आदल्या दिवशीच पुरे जाहले. दफ्तरात आनंदीआनंद जाहला.

त्या आनंदात कृष्णकांतरावांनी डबा काढण्यास पिशवी उघडिली, तो अर्ज हाती आला. कोपऱ्यास लोणच्याचे तेल लागले होते. तो त्यांनी प्रसन्न मुद्रेने धम्मदीपांपुढे ठेविला की मातोश्रींचे नाव घालून या महिन्यातच कपात पाडावी. धम्मदीपांनी अर्ज वाचिला, संगणकाकडे पाहिले, मग दोस्ताकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘बिल बंद झालं गा. तूच तं म्हणत होता, लवकर काढ. काढलं.’’

कृष्णकांतरावांच्या हातातील पोळी हातातच राहिली. धम्मदीपांनी मजकूर उलगडून सांगितला. बंद बिलात नवी कपात घालता येत नाही. घालावयाची तर सबंध बिल रद्द करावे, पुन्हा सर्वांचे आकडे बसवावे, आणि मग मुदत चुकून साऱ्या दफ्तराचा पगार दिवाळीनंतर जाईल. नच घालावी, तर कपात नोव्हेंबरच्या पगारात पडेल आणि विम्याचा अंमल डिसेंबरात बसेल, तोवर इस्पितळाची तारीख गेलेली, आणि मातोश्रींची शर्त मोडलेली. विम्यावाचून एवढी शस्त्रक्रिया करणे त्यांच्या ऐपतीत नव्हते. एकीकडे ज्या मंडळींस आपणच उठविले त्यांची दिवाळी, दुसरीकडे आईचे जिने. बखरकारास या माणसाचा राग होता, टेबलावर हात आपटणाऱ्यांचा आम्हांस नेहमीच असतो, परंतु त्या घटकेस त्याचे तोंड पाहून आम्हांसही वाईट वाटले.

मग धम्मदीपांनी बराच वेळ डोके खाजवून एक तोड सांगितली. बंद बिलात नाव घालता येत नाही, परंतु मॅडमनी कारण नोंदवून सही केली तर नाव बाहेर काढता येते. कृष्णकांतरावांचा एकट्याचा पगार या बिलातून काढावा, महिनाअखेर त्यांचे एकट्याचे पुरवणी बिल करावे आणि त्यात कपात पाडावी. ते बिल ऑक्टोबरातच मंजूर जाहले तर नोव्हेंबरच्या एकेस विम्याचा अंमल बसेल. फक्त दिवाळीस पगार मिळणार नाही. एवढे बोलून धम्मदीप पोहे खाऊ लागले, कारण उत्तर काय येणार हे ते जाणून होते.

तेव्हा कृष्णकांतरावांनी नवा अर्ज लिहिला की माझा ऑक्टोबरचा पगार कृपा करोन दिवाळीपूर्वी देण्यात येऊ नये. तो घेऊन ते चिन्मयी मॅडमचे हुजुरी गेले. मॅडमच्या टेबलावर शिष्टमंडळाचा अर्ज अद्याप पडला होता. त्यांनी एक वाचिला, दुसरा वाचिला, दोहोंखालील सही ताडून पाहिली, आणि चष्मा काढून पुसिले की तब्येत बरी आहे ना. कृष्णकांतरावांनी सर्व हकीकत निवेदन केली. मॅडमनी सही करोन फर्माविले की पुरवणी बिल तयार होताच थेट आपल्याकडे आणावे, मधल्या कोणाच्या टेबलावर ठेवू नये. त्यांचीही आई दुसऱ्या गावी तिसऱ्या मजल्यावर असते, हे आम्हांस मागाहून कळले.

येणेप्रमाणे सकळ दफ्तराचा पगार दिवाळीपूर्वी जमा जाहला, एका सेनापतीचा सोडून. आणि रिवाज पाहावा कैसा! मंडळींनी त्याच दिवशी सेनापतीचा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिले, तीन भाषणे जाहली की असा पगार आणून देणारा नेता होणे नाही, आणि मग सर्वांनी एकमुखाने मागणी केली की नेत्याने समोसे खाऊ घालावे. कृष्णकांतरावांनी खाऊ घातले. समोसेवाला ओळखीचा होता, त्याने उधारीच्या वहीत लिहून घेतले. आपला पगार अडविल्याची गोष्ट त्यांनी मंडळींस सांगितली नाही, कारण सांगितली तर ती फोनवरून फोनवर जाऊन सोसायटीत पोहोचेल, आणि सोसायटीतून मातोश्रींच्या कानी, आणि मग त्या शस्त्रक्रिया मोडतील अशी त्यांस दहशत होती.

घरी गोपिकाबाईंस मात्र सांगणे भाग पडले. त्यांनी शाल पाहिली, नारळ पाहिला, नवऱ्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये ऐशा बेताने, म्हणाल्या, ‘‘साऱ्या ऑफिसले दिवाळी आणून देली तुमी, अन् घरच्याच दिवाळीले काहून नाही म्हणून राहिले?’’ गोपिकाबाईंनी घटकाभर भांडी आपटिली. मग उठल्या आणि सत्काराचा नारळ फोडून किसावयास बसल्या.

आता दिवाळीचा वेढा सांगतो. मुद्दा इतकाच होता की मातोश्रींस सुगावा लागू नये. त्या नारळाच्या करंज्या जाहल्या, त्या आधी मातोश्रींच्या ताटात पडल्या. चकल्या थोड्या करून डब्यात वर रचल्या आणि खाली कागद घातला, म्हणजे डबा उघडताच भरलेला दिसावा. मागल्या सालचा आकाशकंदील पुसून टांगिला. सत्काराची शाल गोपिकाबाईंनी कापडी पिशवीत घालून मातोश्रींस दिवाळीची भेट म्हणोन दिली. मातोश्रींनी शाल उलटसुलट पाहिली, बरी आहे म्हणाल्या आणि पांघरून बसल्या. वेढा उत्तम चालला होता.

परंतु पाडव्याचे दिवशी गणपतराव, जे दफ्तरच्या आवक-जावक शाखेत असतात आणि ज्यांस माणसे फार आवडतात, ते मिठाईचा पुडा घेऊन दोन जिने चढून आले. त्यांनी मातोश्रींच्या पायावर डोके ठेविले आणि सांगितले की काकू, तुमच्या पोरामुळे आम्हा सगळ्यांस पगार मिळाला. मातोश्रींनी आशीर्वाद दिला. मग गणपतरावांची नजर शालीवर गेली आणि ते मोठ्या कौतुकाने म्हणाले की अरे वा, सत्काराची शाल आईस दिली वाटते, याला म्हणतात संस्कार. गोपिकाबाईंनी स्वयंपाकघरात डोळे मिटले. गणपतराव दोन करंज्या खाऊन, तिसरी खिशात घालून, निरोप घेऊन गेले.

रात्रीची जेवणे जाहल्यावर मातोश्रींनी चकलीचा डबा मागविला, वरच्या चकल्या बाजूस सारिल्या, खालचा कागद काढिला आणि चिरंजीवांपुढे ठेविला.

‘‘तुया पगार झाला नाही ना गा, कृष्णा?’’

कृष्णकांतराव आधी बहाणा करू लागले, मग सर्व सांगून मोकळे जाहले, आणि शेवटी विनविले की आई, आता हे ऐकून ऑपरेशनला नाही म्हणू नको. मातोश्री बराच वेळ डब्याचे झाकण लावीत बसल्या, ते त्या दिवशी नीट बसत नव्हते. मग म्हणाल्या, ‘‘कालपर्यंत भेव वाटून राहिलं होतं मले. रोज वाटे, सकाळी उठून नाही म्हणतो. आता तं करनंच आलं.’’ ज्या वार्तेने मसलत फिसकटेल म्हणोन दिवाळीभर पहारा ठेविला, त्याच वार्तेने मसलत पक्की जाहली. हुशार माणसे घरात ऐसेच पहारे ठेवितात, आणि आई कोठे बसली आहे हे पाहावयास विसरतात.

मग पुरवणी बिलाची चढाई. दिवाळीची सुटी सरली तरी अर्धे दफ्तर गावीच होते. धम्मदीपांनी एकट्याने बिल केले, या खेपेस चहापोहे कोणी आणिले नाहीत, कृष्णकांतरावांस त्यांनी टेबलाजवळ फिरकू दिले नाही. चिन्मयी मॅडमनी उभ्या उभ्या सही केली. बिल घेऊन धम्मदीप स्वतः आपल्या दुचाकीवर सिव्हिल लाइन्सकडे कोषागारी गेले, आणि तेथे बाकावर बसून राहिले. कोणी पुसिले की एका माणसाच्या बिलापायी एवढे काय बसलात, तर म्हणाले की माणूस खाली उतरायचा आहे. त्या माणसास काही समजले नाही, परंतु बिल मंजूर जाहले. ऑक्टोबर सरण्यापूर्वी जाहले, हे येथे मुद्दाम नमूद करितो, कारण साऱ्या मोहिमेचा जीव त्यातच होता.

नोव्हेंबरची पहिली तारीख उजाडली. कृष्णकांतरावांनी दात न घासता फोन उघडिला. विम्याच्या पानावर कुटुंबाच्या नावांत बायजाबाई हे नाव आले होते, पुढे हिरवी खूण, आणि खाली लिहिले होते की आजपासून लागू. त्यांनी ते आईस दाखविले. मातोश्रींनी चष्मा लावून आपले नाव पाहिले आणि म्हणाल्या की बरे लिहिले आहे. इस्पितळाने कागद घेतले, दाखल करून घेतले, आणि ठरल्या दिवशी गुडघा बदलला. आत नेतेसमयी मातोश्रींनी कमरेची पिशवी सोडून सुनेच्या हाती दिली आणि सांगितले की हीत काय आहे ते हरवू नको. गोपिकाबाईंनी पिशवी चाचपली, किल्ली लागली, आणि तेव्हा प्रथम त्यांस काहीतरी उमजले.

पुढे व्यायाम, काठी, दिवाणखान्यातील फेऱ्या, रागावणे, रडणे, पुन्हा फेऱ्या. मग एक पायरी, मग दोन. संक्रांत उलटली. एके सकाळी मातोश्रींनी लुगडे नेसून, सत्काराची शाल पांघरून, काठी घेतली आणि दार उघडिले. शेजारी दारांत उभे राहिले. मातोश्री कठड्यास धरून, एकेका पायरीस नावे ठेवीत, कोणाचाही हात न घेता दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यास, पहिल्यावरून तळास आल्या आणि लिफ्टच्या बंद दारापुढे दम घेण्यास थांबल्या. सोसायटीने टाळ्या वाजविल्या. कृष्णकांतरावांचे डोळे भरून आले. ते म्हणाले की आई, आता रोज संध्याकाळी ऐशीच खाली येत जा, बागेत बस.

मातोश्रींनी कमरेची पिशवी चाचपली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘मी खाप्याले जाऊन राहिली. पिशवी वर दाराआड भरून ठेवली आहे, ते घेऊन ये.’’

कृष्णकांतरावांस तेव्हा जिने उतरण्याविषयीचा तो नवरात्रातला प्रश्न आठवला. ते उभे होते तेथेच उभे राहिले. मग गोपिकाबाईच दोन जिने चढून गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. त्यांनी तीत करंज्यांचा डबा घातला होता, या खेपेस खाली कागद नव्हता. मातोश्रींनी सुनेच्या गालावरून हात फिरविला. कृष्णकांतरावांनी पिशवी खांद्यास लाविली आणि आईमागून बसथांब्याकडे चालू लागले. वाटेत ते फक्त एकदा म्हणाले की आई, तुला आमच्याकडे काही कमी होते का. मातोश्री म्हणाल्या की काही कमी नव्हते, लेका, ओटा नव्हता.

बसमध्ये चढतेसमयी मात्र त्यांनी मागे वळून अखेरचे फर्मान काढिले.

‘‘लिफ्ट चालू झाली का फोन करजो. मंग येतो.’’

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. विम्याचा अंमल नोव्हेंबरच्या एकेस बसला, मातोश्रींचा अंमल संक्रांतीनंतर खाप्याच्या ओट्यावर बसला, दोहोंची नोंद येथे सारखीच करितो. कृष्णकांतराव आता दर रविवारी खाप्यास जातात आणि सोमवारी बिल्डरच्या बंद दफ्तरापुढे उभे राहून दार ठोठावितात. टेबलावर हात आपटणे त्यांनी सोडिले आहे. देशपांड्यांनी लिफ्टच्या खोलीतून सायकल काढून ठेविली आहे. झाडू अद्याप आत आहे.